पीटीचे सर येणार नाहीत

प्राथमिक शाळेत पीटीचे सर नसतात. आज नाहीत, उद्याही येणार नाहीत. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांची हीच स्थिती आहे. भरती रखडली म्हणून ही वेळ आलेली नाही. ती जागा कायद्यातच नाही.

बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा उघडा आणि शेवटी जोडलेली अनुसूची वाचा. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक आहे तो सहावी ते आठवीसाठी, तोही अंशकालीन, आणि त्या वर्गांचा पट शंभराच्या वर असेल तरच. आपल्या खेड्यांतल्या किती शाळांत सहावी ते आठवीची शंभर मुलं आहेत, हे ज्याचं त्याने आपल्या गावापुरतं मोजून बघावं.

थोडक्यात, सहा वर्षांच्या मुलीला चेंडू झेलायला, एका पायावर तोल सांभाळायला, न पडता वळायला शिकवणारा माणूस एकच. तिचा वर्गशिक्षक. तोच मराठी शिकवतो, तोच गणित, तोच पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, तोच ऑनलाइन माहिती भरतो. द्विशिक्षकी शाळेत तर दोन-तीन इयत्ता एकाच वेळी त्याच्या पुढ्यात बसलेल्या असतात. खेळाचा पिरियडही त्याचाच.

त्या पिरियडसाठी आपण त्याला काय दिलं? वेळापत्रकात एक चौकोन. बाकी काही नाही. मुलांचं खेळाचं शिक्षण सुधारायचं असेल तर या वर्गशिक्षकाला मैदानावर जाऊन मदत करावी लागेल. दुसरा रस्ता नाही.

शेवटचा पिरियड जवळून बघा. ऊन अजून कललेलं नाही. तिसरी-चौथीची तीस मुलं, एक चेंडू, एक बादली. मॅडम मुलांची एक रांग लावतात. प्रत्येकाने पुढे यायचं, बादलीत चेंडू टाकायचा, मागे जाऊन उभं राहायचं. एका पाळीला वीस सेकंद धरा. तीस मुलांची एक फेरी व्हायला दहा मिनिटं लागतात. अर्ध्या तासात तीन फेऱ्या. म्हणजे अर्ध्या तासात एक मूल साठ सेकंद खेळलं आणि एकोणतीस मिनिटं रांगेत उभं राहिलं. उभं राहिलेलं मूल ढकलणार, चिमटे काढणार, पळून झाडावर चढणार. मग मॅडम ओरडणार. पिरियड संपला की त्यांच्या मनात एकच पक्कं होतं: ही मुलं मैदानात आवरत नाहीत, वर्गातच बरी.

मॅडमनी कामात कुचराई केलेली नाही. त्यांनी मुलांना बाहेर आणलं, रांग लावली, सगळ्यांना पाळी दिली. रांगच मोडायची असते, हे त्यांना कधी कुणी करून दाखवलं नाही.

आता तीच तीस मुलं, तेच मैदान. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे पंधरा चेंडू. मुलं जोडीजोडीने समोरासमोर, मध्ये चार पावलांचं अंतर. एक फेकतो, दुसरा झेलतो. एका फेकीला पाच सेकंद धरले तरी दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला साठ फेकी आणि साठ झेल येतात. जमलं की एक पाऊल मागे. चुकलं की एक पाऊल पुढे. मॅडम मधून फिरतात आणि एका मुलीला सांगतात, "हात पुढे, नजर चेंडूवर." आवरायला कुणी उरतच नाही, कारण रिकामं कुणीच नाही.

फरक चिंध्यांच्या चेंडूंचा आहे, आणि हे असं करायचं असतं हे ठाऊक असण्याचा आहे. दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत. दोन्ही आपण शिक्षकाला देत नाही.

वर्गशिक्षकाला हे जमेल का? जमतं. याचं उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सात प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या मुलांवर स्पार्क नावाचा प्रयोग दोन वर्षं झाला. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत खेळाचे खास शिक्षक नेमले. काही शाळांत नेहमीच्या वर्गशिक्षकांनाच प्रशिक्षण दिलं. उरलेल्या शाळांत जे चाललं होतं ते चालू ठेवलं. खेळाच्या तासाला मुलं आठवड्यात प्रत्यक्ष किती मिनिटं हलली, ते मोजलं. खास शिक्षकांकडे ४० मिनिटं. प्रशिक्षित वर्गशिक्षकांकडे ३३. जुन्या पद्धतीत १८.

३३ आणि १८. जवळजवळ दुप्पट. शिक्षक तोच, फक्त त्याला कुणीतरी शिकवलं. खास शिक्षक मिळाला तर उत्तमच, पण तो मिळत नाही म्हणून हातावर हात धरून बसायला काही आधार उरत नाही. खेळात वेळ गेला म्हणून वाचन-गणित मागे पडलं, असंही त्या शाळांत दिसलं नाही. गणिताचा तास बुडेल या भीतीने खेळाचा पिरियड खाणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हे लक्षात ठेवावं.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल असा खेळ-व्यायाम सांगते. शाळेने त्यातला निम्मा वाटा उचलला तरी पुष्कळ झालं. रांगेतलं एक मिनिट कुठे, तीस मिनिटं कुठे?

यावर ठरलेलं उत्तर येतं: खेड्यातली पोरं तर दिवसभर धावतच असतात, त्यांना काय शिकवायचं. हे उत्तर आळसाचं आहे. बांधीच्या धुऱ्यावरून शाळेत चालत येणारं मूल काटक असतं, मान्य. पण झेलणं, फेकणं, लाथाडणं, उडी मारून दोन्ही पायांवर अलगद उतरणं, दिशा बदलणं, ही कौशल्यं आहेत. वाचनासारखीच ती शिकवावी लागतात आणि आठव्या-नवव्या वर्षापर्यंत पक्की व्हावी लागतात. ज्याला झेलता येत नाही त्याला पाचवीत कुणी संघात घेत नाही. संघात नाही म्हणून तो खेळत नाही, खेळत नाही म्हणून त्याला जमत नाही. दहाव्या वर्षी तो मैदानाच्या कडेला जाऊन बसतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. आणि गावात दिवसभर धावणारी पोरं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा मुलगेच असतात. मुलगी घरी गेली की धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते. तिला खेळायला मिळायची हक्काची जागा शाळा हीच आहे. तिथेही चेंडू मुलांना आणि मुली झाडाखाली बसून बघतात, असं असेल तर तिने जायचं कुठे?

आता वरून येणारे उपाय बघू.

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून मुलांना मूलभूत लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. त्यासाठी माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी, स्काउट यांची मदत घेण्याची कल्पना मांडली. माजी सैनिकांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो: सहा वर्षांच्या मुलाला सावधान-विश्रामाची गरज नाही. कवायतीत सगळे एकाच वेळी एकच हालचाल करतात. लहान मुलाला स्वतःच्या शरीराला काय काय जमतं ते शोधायचं असतं. ससा हो, बेडूक हो, हळू पळ, वेगात पळ, टाळी वाजली की गोठून उभा राहा. शिस्त त्यातूनही येते, कारण गोठून उभं राहायला स्वतःवर ताबा लागतो. माजी सैनिक महिन्यातून एकदा येईल आणि जाईल. मुलाला रोज भेटणारा माणूस वर्गशिक्षक आहे. खर्च त्याच्यावर करा.

दुसरा उपाय मोजणीचा. खेलो इंडियाच्या चाचण्यांत पाच ते आठ वर्षांच्या मुलांची उंची-वजन घ्यायचं, एका पायावर तोल किती वेळ टिकतो ते बघायचं, हाताने तबकड्यांवर झरझर थापा मारायला लावून वेळ मोजायची आणि सगळं अ‍ॅपवर भरायचं. चाचणी चांगली आहे. पण बांधीतलं धान नुसतं मोजून वाढत नाही. तोल डळमळतो हे कळलं, मग पुढे? तोल सुधारणारे चार खेळ कोणते, ते शिक्षकाला त्याच दिवशी मिळाले पाहिजेत. ते मिळत नसतील तर त्या भरलेल्या आकड्यांचा मुलाला काडीचाही उपयोग नाही.

तिसरा उपाय क्रीडा संमेलनाचा. केंद्र, मग तालुका, मग जिल्हा. संमेलनं व्हावीत. ढोल वाजतो, गाव जमतं, मुलं गणवेशात येतात, कबड्डीला आरोळ्या उठतात. पण कबड्डीत मैदानावर सात खेळतात, खो-खोत नऊ. शाळेतली चपळ मुलं निवडायची, महिनाभर त्यांचाच सराव घ्यायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. चषक कपाटात येतो आणि शाळेचं खेळाचं काम झालं असं धरलं जातं. ज्या मुलाला खेळाची सर्वांत जास्त गरज, तोच टाळ्या वाजवणाऱ्यांत बसलेला असतो. शाळेचं खेळाचं शिक्षण त्याच्यावरून ठरवा. चषकावरून ठरवू नका.

आणि मैदानावरच्या दोन जुन्या सवयी आता मोडा.

पहिली, बाद झाला की बाहेर बसायचं. मोठ्यांच्या स्पर्धेत ते ठीक. पहिली-दुसरीत सर्वांत आधी बाद होतो तो सर्वांत कच्चा खेळाडू, आणि आपण त्यालाच सर्वांत जास्त वेळ बसवतो. बाद झालेल्याने पाच उड्या मारून पुन्हा आत यावं. शिवाशिवी असो, तळ्यात-मळ्यात असो, लंगडी असो, एवढा एक नियम बदलला की सगळा खेळ बदलतो.

दुसरी, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या आणि उठाबशा, किंवा शिक्षा म्हणून खेळाचा पिरियडच बंद. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केले आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. धावणं म्हणजे शिक्षा, हे मुलाच्या मनात एकदा बसलं की ते मूल मोठेपणी धावत नाही.

पुस्तक आहे का? आहे. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू'. खेळ, कार्यानुभव आणि कला हे तिन्ही विषय एकाच पुस्तकात घेतले आहेत आणि पुस्तक चांगलं आहे. पण तीस मुलं गलका करत असताना गट कसे पाडायचे, शिट्टी कधी वाजवायची, चालता न येणाऱ्या मुलाला खेळात कसं सामावून घ्यायचं, हे छापील पानावरून हातात उतरत नाही. बघून आणि करून उतरतं. पोहणं जसं वैनगंगेच्या काठावर बसून येत नाही, तसं हेही सभागृहात बसून येत नाही, पण आपली प्रशिक्षणं सभागृहातच होतात. पडद्यावर चित्रफीत, हातात चहा, शेवटी हजेरीवर सही.

म्हणून मागण्या मांडतो. मोजक्या आहेत आणि जिल्ह्यातच होण्यासारख्या आहेत.

एक. केंद्राची शिक्षण परिषद होते, तिचा एक तास मैदानावर घ्या. खुर्च्या आत ठेवा. शिक्षकांनीच जोड्या करायच्या, चेंडू फेकायचे, लंगडी घालायची. जो खेळ आज खेळलो तो उद्या माझ्या वर्गात, एवढंच त्या तासाचं फलित. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने वर्षभराच्या परिषदांसाठी वर्षभराचे खेळ आधीच ठरवून द्यावेत.

दोन. जवळच्या हायस्कूलचे पीटी शिक्षक प्राथमिक शाळांना जोडून द्या. त्यांनी येऊन तास घ्यायचा नाही. तसं केलं तर ते गेले की खेळही गेला. पहिल्या आठवड्यात त्यांनी शिकवावं आणि वर्गशिक्षकाने बघावं. दुसऱ्या आठवड्यात दोघांनी मिळून. तिसऱ्यात वर्गशिक्षकाने शिकवावं आणि त्यांनी बघावं. विदर्भाला अशा माणसांची वाण नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामाचं शिक्षण देत आहे आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. बी.पी.एड. करून भरतीची वाट बघणारे तरुण आपल्याकडे आहेत. त्यांना मानधन द्या आणि एकेका केंद्रावर हे मार्गदर्शनाचं काम सोपवा.

तीन. पैसे नीट खर्च करा. समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला खेळसाहित्यासाठी वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १० हजारांपर्यंत तरतूद आहे. त्यातून एक महागडी बॅट आणली तर एका वेळी एक मूल खेळतं. त्याच पैशात वीस मऊ चेंडू, वीस दोरीउड्या, खुणांचे शंकू, चुन्याचं पोतं आणि दोन शिट्ट्या येतात. बाकीचं गाव देईल. धानाची तणस आहे, तिच्या वेण्या घालून फेकायच्या चकत्या होतात. जुन्या पोत्यांच्या शर्यती होतात. फुटक्या टायरमधून उड्या होतात. हिशेब एकच ठेवा: एका साहित्यामागे दोनपेक्षा जास्त मुलं नकोत.

चार. पिरियडची वेळ बदला. उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारचा शेवटचा पिरियड भंडाऱ्याच्या उन्हात खेळण्याचा नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी परिपाठ संपला की सरळ मैदान. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, तेव्हा व्हरांड्यात आणि वर्गात करायचे दहा खेळ शिक्षकाकडे तयार हवेत. नाहीतर रोवणीच्या दिवसांत खेळ दोन महिने बंद पडतो.

पाच. शिक्षकाच्या खिशात मावेल असं एक कार्ड द्या. पाच मिनिटं अंग मोकळं करणारा पळापळीचा खेळ. दहा मिनिटं एक कौशल्य, जोडीने. पंधरा मिनिटं त्याच कौशल्याचा खेळ, पाच-सहा जणांच्या लहान गटांत. शेवटी पाच मिनिटं श्वास शांत करून गोल बसायचं आणि विचारायचं, आज काय नवं जमलं? कार्डाच्या मागे चार सूचना: रांग तीनपेक्षा लांब नको. बाद झालेला आत येतो. जमत नसेल तर जागा, चेंडू, अंतर किंवा गट बदला. आणि दिव्यांग मुलाला गुणफलक धरायला लावून मोकळे होऊ नका, त्याला चेंडू द्या. दोन-तीन इयत्ता एकत्र असतील तर चौथीची मुलं गटप्रमुख. एवढं हाताशी असेल तर उद्या सकाळी पिरियड उभा राहतो.

सहा. मूल्यमापनातली नोंद खरी लिहा. वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात तीस मुलांपुढे 'खेळात सहभागी होतो' हेच वाक्य उतरवणं थांबवा. 'जूनमध्ये चेंडू छातीशी कवटाळायची, आता दोन्ही हातांनी झेलते' अशी एक ओळ लिहायला शिक्षकाने त्या मुलीकडे बघितलेलं असावं लागतं. त्या बघण्यासाठी त्याला वेळ द्या आणि त्याच्या पाठीवरची ऑनलाइनची ओझी उतरवा.

आता तुम्ही-आम्ही पालक. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आपण भिंतीला रंग, शौचालयाचं पाणी, संगणक याबद्दल बोलतो. बोललंच पाहिजे. पण पुढच्या बैठकीत दोन प्रश्न जादा विचारा. या आठवड्यात खेळाचे किती पिरियड झाले? आणि सर, मॅडम, तुम्हाला त्यासाठी काय लागतं? दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पहिला विचारू नका. जाब विचारणारे शिक्षकाला रोज भेटतात. मदत विचारणारं त्याला कुणी भेटत नाही.

मैदान गावाचंही असतं. दिवाळीनंतरची मंडई तिथेच भरते, लग्नाचा मांडव तिथेच पडतो. कार्यक्रम झाल्यावर खिळे, काचा, पत्रावळी उचलायचं काम गावाचं आहे. पहिलीतलं पोर अनवाणी धावणार आहे, त्याच्या पायात काच जाऊ नये ही जबाबदारी ग्रामपंचायतीने ठरावात लिहून घ्यावी.

आणि भंडारा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला सरळ विनंती: पीटीचे सर येत नाहीत, हे मान्य करा आणि जे गुरुजी, ज्या मॅडम रोज साडेदहाला शाळेत हजर असतात त्यांच्यामागे उभे राहा. एका केंद्रापासून सुरुवात करा. दहा शाळा घ्या, एक सत्र घ्या. सुरुवातीला आणि शेवटी मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहा आणि एक मूल प्रत्यक्ष किती मिनिटं हललं ते मोजा. वाढ दिसली तर तोच प्रयोग सातही तालुक्यांत न्या. येत्या शिक्षण परिषदेची विषयपत्रिका अजून छापायची असेल तर तिच्यात पहिला विषय हा घाला, आणि बैठकीचं ठिकाण म्हणून 'शाळेचे मैदान' लिहा.